बॅलीकोराचे पहिले वळण

मित्रांनो, मला लांबून पाहिलेत तर तुम्हाला कोंबड्यांचे खुराडे वाटेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मधली काही वर्षे कोंबड्या माझ्यात खरेच राहून गेल्या. पण मी एक जुना, लोखंडी, सहा घरांचा पिंजरा आहे. ग्रेहाऊंड कुत्र्यांची शर्यत ज्यातून सुटते, तो पिंजरा. आयर्लंडमधल्या बॅलीकोरा गावच्या मैदानावर माझी उमेदीची सगळी वर्षे खर्ची पडली.

नांगर दुरुस्त करणाऱ्या एका लोहाराने मला घडवले. मागे सहा छोटी दारे, कुत्र्यांना आत घ्यायला. पुढे जाळीचे झाकण, सहाही घरांना मिळून एकच. रुळावरून कापडी ससा घरघरत माझ्यासमोरून गेला की झाकण खाडकन वर उडे आणि सहा कुत्री एकदम बाहेर झेपावत. लोहाराने माझी आतली प्रत्येक कड तळहाताने चाचपून पाहिली होती. जरा टोचले की पुन्हा कानस घेऊन बसायचा. "ग्रेहाऊंडची कातडी म्हणजे कांद्याची साल," असे तो म्हणे.

शर्यत सोडण्याचे काम फिंटनकडे होते. तो मला वंगण घाली, माझे बोल्ट आवळी आणि आल्यागेल्याला सांगे, "मी सकाळी उशिरा उठेन, पण हा पठ्ठ्या कधी उशिरा उघडायचा नाही!" हे ऐकून मला फार बरे वाटे. लोक ओरडत, टोप्या उडवत. मला वाटे, हे सगळे माझ्यामुळेच चालले आहे.

माझे तोंड नेहमी पहिल्या वळणाकडे असे. त्यामुळे त्या वळणावर काय घडते, हे माझ्याइतके जवळून कोणी पाहिले नसेल.

एका हिवाळ्यात त्या वळणावरची वाळू बसली. मग ती ठिकठिकाणी दगडासारखी कडक झाली. कुत्री भरधाव यायची आणि नेमकी तिथेच अडखळायची. एका कुत्र्याचा मागचा पाय मोडला. थोड्या दिवसांनी दुसऱ्याचा.

त्या भागातल्या मालकांनी आणि प्रशिक्षकांनी आपली प्रतिनिधी म्हणून कॉन्सेप्टा टियर्नीला निवडून दिले होते. ती स्वतः प्रशिक्षक होती. पन्नाशीची, धिप्पाड बाई, पायात कायम चिखलाचे बूट. कुत्र्यांशी हळू बोलायची आणि माणसांवर खेकसायची. दर महिन्याला मैदानाच्या व्यवस्थापनासोबत बैठक असे. त्यात प्रतिनिधीला बोलायचा हक्क होता, मत देण्याचा नव्हता. कॉन्सेप्टाच्या आधीचा प्रतिनिधी तिथे चहा पिऊन परत येई. कॉन्सेप्टा वळणाची तक्रार घेऊन गेली. व्यवस्थापक रोश म्हणाला, नोंद घेतली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. पुन्हा नोंद घेतली गेली.

"फिंटन," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माझी एवढी नोंद घेतलीय त्यांनी, की आता दारावर नावाची पाटीच लावतील."

"लावू दे ना ताई," फिंटन म्हणाला. "पाटी दिसली की घाबरून वळणच सरळ होईल."

रोश वाईट माणूस नव्हता. कॉन्सेप्टा आणि तो एकाच शाळेत शिकलेले. "फायनल होऊ दे गं," तो तिला समजावी. "मग मैदान बंद ठेवून सगळं खणून काढू. आत्ता बंद केलं तर गावाची वर्षाची जत्रा बुडाली म्हणून समज."

त्या वर्षीच्या अंतिम शर्यतीत कॉन्सेप्टाने तयार केलेली पेगी होती. बदामी रंगाची, लांब मानेची, माझ्या आत शिरली की अजिबात न थरथरणारी. तिचे मालक जार्लथ मॉइन. सगळी हयात बस चालवलेले, बायको वारलेली. पदरी कुत्री कायम बाळगली, पण त्यांचे एकही कधी अंतिम शर्यतीपर्यंत पोचले नव्हते. सरावाच्या दिवशी कुंपणाला टेकून ते कॉन्सेप्टाला म्हणाले, "फोटोत पेगी मधे. तू डावीकडे उभी राहा. माझा चेहरा उजवीकडून बरा दिसतो."

"कुणी सांगितलं?"

"बायकोनं. लग्नाच्या दिवशी. तेव्हापासून डावीकडून मी कुणाला बघूच दिलं नाही."

कॉन्सेप्टा पोट धरून हसली. तिला तसे हसताना मी त्यानंतर फारसे पाहिले नाही.

अंतिम शर्यतीची संध्याकाळ आली. सज्जे भरले होते, तळलेल्या बटाट्यांचा वास मैदानभर पसरला होता. मुख्य शर्यतीच्या आधीच्या शर्यतीत पांढऱ्या झुलीचा एक काळा कुत्रा पहिल्या वळणावर कोसळला. मित्रांनो, ती किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. लोकांनी पाहू नये म्हणून त्याच्याभोवती कापड धरले गेले. त्याला उचलून नेले. मग ट्रॅक्टरने वळणावर ताजी वाळू पसरली आणि भोंग्यावरून अंतिम शर्यत पुकारली गेली.

सहा प्रशिक्षक आपापले कुत्रे घेऊन माझ्यामागे उभे राहिले. कॉन्सेप्टाने पेगीचा पट्टा शेजारच्याकडे दिला, ती वळणापर्यंत चालत गेली आणि बुटाची टाच जोरात वाळूत रोवली. टाच आत गेलीच नाही. ती परत आली तेव्हा रोश तिथे येऊन थांबला होता.

"वेळ होतेय, कॉन्सेप्टा. आत घाल तिला."

"वळण बघितलंस?"

"वाळू टाकलीय की."

"वर टाकलीय. खाली काय आहे?"

रोशने घाम पुसला. "नियम तुला मी सांगायला नको. पशुवैद्याच्या दाखल्याशिवाय कुत्रं मागे घेतलंस तर बंदी येणार. तुझ्यावरही आणि पेगीवरही." मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, डॉक्टर इथंच आहेत. पेगी लंगडतेय असं लिहून देतील. तुझी कुत्री वाचेल, बाकीची शर्यत होईल. कुणाला काही कळणार नाही."

ही वाट अनेकांनी धरलेली मी पाहिली होती. कॉन्सेप्टानेही धरली असती तर कोणी बोट दाखवले नसते. पण उरलेले पाच जण तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या हातातली पाच कुत्री शेपट्या हलवत माझ्याकडे पाहत होती.

"पेगी लंगडत नाही," ती म्हणाली. "लंगडतंय ते तुझं वळण. तसा दाखला देतील का डॉक्टर?"

कुंपणापलीकडून जार्लथ ओरडले, "कॉन्सेप्टा! काय चाललंय? घाल की तिला आत!"

ती पेगीला घेऊन त्यांच्यापाशी गेली. "जार्लथकाका, मी हिला सोडणार नाही."

"कुत्री माझी आहे."

"तुमचीच आहे."

"जन्मभर वाट बघितली मी या दिवसाची. पुढच्या वर्षी मी असेन का, सांगता येतं का तुला? आणि तू आमची प्रतिनिधी ना गं? मग मला विचारलंस?"

"विचारते. बोला."

"धावू दे तिला."

कॉन्सेप्टाने पेगीच्या मानेवर हात ठेवला.

"नाही, काका," ती म्हणाली.

ज्याच्या वतीने बोलायचे, त्याचेच म्हणणे ऐकून त्यालाच नाही म्हणायचे! ते योग्य होते का, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. जार्लथकाकांचा चेहरा मात्र मला दिसत होता. तो पाहवत नव्हता.

ती परतली आणि पेगीला धरून माझ्यामागे गवतावर बसली. पट्ट्यापट्ट्यांच्या झुलीचा कुत्रा धरून उभा असलेला म्हातारा प्रशिक्षक कण्हतकुथत तिच्या शेजारी बसला. मग तिसरा बसला. मग सगळेच.

रोशचा चेहरा लाल झाला. "फिंटन, ससा सोडायला सांग."

"साहेब, पिंजरा रिकामा आहे."

"ससा सुटला की शर्यत झाली. आत नसतील ते गैरहजर. नियम आहे."

फिंटनने हात वर केला. ससा सोडणाऱ्याला ती खूण होती. ससा घरघरत आला, माझ्यासमोरून गेला, आणि माझे झाकण नेहमीसारखे वेळेवर, खाडकन उघडले. आतून कोणीच निघाले नाही. ससा एकटाच मैदानाला फेरी मारत राहिला. सज्जात आधी हशा पिकला, मग शिव्या आल्या, आणि मग हळूहळू सगळे शांत झाले. कधीच न चुकणारा म्हणून मिरवणाऱ्या मला त्या क्षणी माझ्या अचूकपणाची लाज वाटली.

जार्लथकाका आत आले. कॉन्सेप्टाच्या हातातून त्यांनी पट्टा घेतला आणि पेगीला घेऊन निघून गेले. पुढे त्यांनी तिला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे दिले.

सहाही जणांवर बंदी आली. कॉन्सेप्टाची सर्वांत लांबली. पण कुत्री पळवण्यावर बंदी होती, तिच्या बोलण्यावर नव्हती, आणि मालक-प्रशिक्षकांनी तिची निवड रद्द केली नाही. ती बैठकीला जात राहिली. शेवटी वळण खणले गेले. वाळूखाली पाण्याचा जुना नळ खचला होता आणि तो खड्डा कोणीतरी कधीकाळी विटांच्या तुकड्यांनी भरून टाकला होता. खणणे चालू असताना जार्लथकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले. तुकड्यांचा ढीग त्यांनी बराच वेळ पाहिला. कॉन्सेप्टा जवळच होती. तिच्याकडे न पाहता ते घरी गेले.

पुढच्या वर्षी वसंतात मैदान पुन्हा सुरू झाले. आता नवा नियम होता: प्रतिनिधीने आणि व्यवस्थापकाने दोघांनी मिळून मैदान चालून पाहायचे, आणि दोघेही हो म्हणाले तरच मला बाहेर काढायचे. पहिल्याच संध्याकाळी बंदी संपलेली पेगी आली, नव्या प्रशिक्षकाबरोबर. पण ती माझ्या दारात अडून राहिली. ढकलली तरी पाय रोवून उभी. लोक खोळंबले.

"कॉन्सेप्टा," कुंपणापलीकडून जार्लथकाकांचा आवाज आला. "तूच घाल तिला आत."

कॉन्सेप्टा खाली वाकली, पेगीच्या कानाशी काही पुटपुटली आणि गुडघ्याने तिला हळूच पुढे लोटले. पेगी आत शिरली. झाकण उडाले. पेगी पहिल्या वळणावर आली तेव्हा जार्लथकाकांनी डोळे मिटून घेतले होते. कॉन्सेप्टाने मिटले नाहीत. पेगी वळणावरून पाण्यासारखी गेली आणि चौथी आली. तिची अंतिम शर्यतीची उमर सरली होती.

"वळण बरं झालंय," जार्लथकाका म्हणाले.

"हो," कॉन्सेप्टा म्हणाली.

त्यांच्यात तेवढेच बोलणे झाले. पेगीला घेऊन ते गेले, आणि पुढे ती त्यांच्या घरीच, चुलीशेजारी म्हातारी झाली असे मी ऐकले.

नंतर मैदानावर विजेवर चालणारा नवा पिंजरा आला. मला मागच्या अंगणात टाकले, माझ्यात कोंबड्या आल्या, गंज चढला. फिंटन अधूनमधून येऊन सवयीने एखादा बोल्ट आवळून जातो. मला घासूनपुसून ठेवा, असे माझे मागणे नाही. लोखंडाला काही दुखत नाही.

पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, आणि कोणाला तरी "धाव" म्हणायचा अधिकार तुमच्या हाती येईल. म्हणण्याआधी त्याच्या वाटेवरून एकदा स्वतः चालून या. दार उघडायला काहीच लागत नाही. मी जन्मभर तेवढेच केले.