सोबतीचं दुखणं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचीच लिफ्टमध्ये गाळण उडावी, यापरती फजिती कुठली! सहाव्या-सातव्या मजल्याच्या मधोमध मेकॅनिकची छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, आता मरतो असं वाटलं. मेला नाही, पण लिफ्टचं नाव टाकलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि बजावलं, "रोज लिफ्टमध्ये जायचं. भीती उतरेपर्यंत बाहेर पडायचं नाही."

याच दुखण्याची शेजारची शिंपीण दोन महिन्यांत बरी होऊन बाजारहाट करू लागली. मेकॅनिक पाच महिने होता तिथंच. शिंपिणीला दादा नव्हते, एवढाच फरक.

दादा म्हणजे थोरले बंधू. काम शून्य, उपकारांतून मात्र फुरसत नाही. "सवय लागते रे," म्हणत त्यांनी गोळी अर्धी करायला लावली. सरावाच्या वेळी स्वतः लिफ्टमध्ये उभे. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात भावाचं मनगट. "नाडी एकशे दहा! उतर, उतर!" दुसऱ्या मजल्यावरच सराव आटोपायचा. आणि घरी येऊन वर तोंड करून सांगायचं, "मी होतो म्हणून वाचला!"

अखेर कंपनीने कळवलं: महिनाअखेरीला अकराव्या मजल्यावर एकट्याने लिफ्टने जा, नाहीतर कायमचा गोदामात बस.

"गोदाम काय वाईट? मीही येत जाईन सोबतीला," दादा म्हणाले.

मेकॅनिकची बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, हे बरे झाले तर तुम्ही दिवसभर काय करणार?"

दादा पाण्याची बाटली भरायला उठले. मेकॅनिकला मात्र पाच महिन्यांत पहिल्यांदा दादांकडे नीट बघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंना गोळीचं खरं सांगितलं. त्या संतापल्या, गोळी हळूहळू पुन्हा अख्खी झाली, सराव एकट्याचा. पहिले आठ दिवस हाल कुत्रा खाईना. पण भीती चढते तशी उतरतेही, हे त्याला आत थांबल्यावरच कळलं.

महिनाअखेरीला दादा हजर होतेच. मेकॅनिकने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. चौथ्या मजल्यावर छाती धडधडली. धडधडू दे म्हणाला. नवव्यावर ती कंटाळली. अकराव्यावर वाट बघत असलेल्या कंपनीच्या साहेबांनी कागदावर सही केली.

एवढ्यात जिन्याने दादा आले, घामाघूम, धापा टाकत. "अरे, माझीच छाती धडधडतेय!"

"बसा. उतरेल," मेकॅनिक म्हणाला आणि अवजारं काढून कामाला लागला.