विळ्या-कुऱ्हाडींखाली उरलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पोलंडमधल्या एका खेड्यात, विक्टर आजोबांच्या अंगणात राहतो. माझ्या पोटात भोक आहे, त्यात दांडा. दांडा फिरवला की मी गरगर फिरतो आणि लोक माझ्या कडेवर विळे, कुऱ्हाडी घासतात. "विक्टरच्या चाकासारखी धार पंचक्रोशीत नाही!" असं ऐकलं की मी फुगून जायचो.

पण मी मुळात चाक नव्हतोच. मी एका ज्यू बाईच्या कबरीवरचा दगड होतो. पाथरवटाने माझ्यावर तिचं नाव कोरलं, तेव्हा तिची लेकरं रडत उभी होती. पुढे युद्ध आलं. नाझींनी इथले सगळे ज्यू, अगदी तान्ही बाळंसुद्धा, आगगाडीत कोंबून नेले आणि मारून टाकले. गावोगावी हेच. युरोपभर मिळून साठ लाख ज्यू मारले हो! मग कबरीही उखडल्या. कुणीतरी मला गोल कापलं आणि विक्टरच्या वडिलांना विकलं.

धार लावता लावता मी कडेने झिजलो. अक्षरं जात राहिली. लोकांना ती नक्षी वाटायची. शेवटी भोकाजवळचं नाव तेवढं उरलं. आणखी एक-दोन हंगाम, की तेही गेलं असतं. माझा जीव टांगणीला लागला होता, पण दगडाला बोलता कुठे येतं?

एकदा आजोबांची सून हालिना पीठ मळता मळता सुरी घेऊन आली. तिचा पिठाचा हात माझ्यावर टेकला आणि खाचांत पीठ भरून अक्षरं पांढरीशुभ्र उठली.

"अगंबाई! बाबा, ही नक्षी नाही. ज्यूंची अक्षरं आहेत ही, कबरीवरचं नाव आहे हे!"

"असेल. तू सुरी लाव, तिकडे सूप उतू जाईल," आजोबा म्हणाले. "त्यांचं विचारायला येणारं आता कोण उरलंय?"

"कुणी उरू नये म्हणूनच तर मारलं ना सगळ्यांना! आता नावही आपण पुसलं, तर मारणाऱ्यांचं काम आपणच पुरं केलं की हो."

आजोबांनी हातातला विळा खाली ठेवला.

हालिनाने लुब्लिन शहरातून रेगिनाबाईंना बोलावलं. त्यांना ज्यूंची ती हिब्रू लिपी वाचता येत होती. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "फ्रुमेत."

काय सांगू मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला! दगडाच्या अंगावर! एवढ्या मोठ्या संहारातून, एवढ्या घासणीतून ते नाव जिवंत राहिलं होतं.

आजोबांनी टोपी काढली. "फ्रु... फ्रुमेक?"

"फ्रुमेत," रेगिनाबाई म्हणाल्या.

"फ्रुमेत," आजोबा नीट म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी माझा दांडा काढून टाकला.

आठवड्याने शेजारचा ब्रोनेक विळा घेऊन कुंपणाशी आला. "काय रे म्हाताऱ्या, चाक कुठे दडवलंस?"

"चाक नव्हे ते. फ्रुमेतबाई आहेत त्या."

"कोण ह्या फ्रुमेतबाई?"

"विळा ठेव तिथेच. आत ये, बस. सांगतो."

मित्रांनो, ज्यांचं नाव घ्यायला घरचं कुणी ठेवलंच नाही, त्यांचं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच घ्यायचं असतं. तुम्हीही घ्या ना एकदा, मोठ्याने.