ऑरिनच्या पोस्टची निवड

२००१ सालच्या मार्च महिन्यातली सर्वोत्तम पोस्ट म्हणून आम्ही जिची निवड केली, ती मीच सुचवली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

मी तेव्हा लुईव्हिलच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. इंटरनेटवर आमचा एक गट होता, विज्ञान आणि धर्म या विषयावर भांडणाऱ्यांचा. पृथ्वीचं वय किती, नोहाचा पूर खरा की खोटा, माणूस आला कुठून. दिवसाला दीडशे-दोनशे पोस्टी पडायच्या आणि त्यातल्या निम्म्या नुसत्या शिवीगाळीच्या. त्या गदारोळात एखाद्याने जीव ओतून लिहिलेलं वाहून जाऊ नये, म्हणून दर महिन्याला एक पोस्ट निवडायची आणि वेगळ्या पानावर जपून ठेवायची, अशी पद्धत आम्ही पाडली होती. बक्षीस-बिक्षीस काही नाही. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग मतं. ते पान मी सांभाळायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

ऑरिन टॅकेट दक्षिण इंडियानातला. दगड चिरायच्या कारखान्यात मोठी करवत चालवायचा. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण ज्या चुनखडकाचे तो चिरे पाडायचा, त्यात कुठल्या समुद्रातली कुठली शिंपली अडकली आहे हे त्याच्या बोटांना कळायचं. शांत लिहायचा. समोरचा घसरला तरी हा घसरायचा नाही.

त्या मार्चमध्ये टेनेसीच्या गॅरेट प्रुइट नावाच्या मुलाने गटात एक सवाल टाकला. तो धर्मोपदेशक व्हायचं शिकत होता. विरुद्ध बाजूचा, पण सरळ मनाचा. त्याने लिहिलं होतं, ‘तुमच्या कोट्यवधी वर्षांचं मला कौतुक आहे. पण मूल पुरून आलेल्या आईला तुम्ही काय द्याल? तुमचे हात तर रिकामे.’

दोन दिवस सगळे त्याच्यावर तुटून पडले. तिसऱ्या दिवशी ऑरिनने उत्तर दिलं. त्याने लिहिलं की १९६९ साली त्याची धाकटी बहीण नोला नऊ वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. चर्चमधले सगळे आईला म्हणाले, ती वर तुमची वाट पाहते आहे. आईने मान हलवली. तीन वर्षांनी अंगणात शेंगा सोलताना, ऑरिन पंधरा वर्षांचा असताना, ती त्याला म्हणाली, ‘माझा विश्वास नाही रे बसत. खूप प्रयत्न केला. त्या मातीवर हात ठेवते तर नुसती मातीच लागते. डॅडला सांगू नकोस. तो त्याच्यावरच जगतोय.’

आणि पुढे त्याने लिहिलं होतं: ‘तेव्हापासून ती चर्चचा एकही रविवार चुकलेली नाही. गावात कुणाचंही मूल गेलं की पहिली ही पोचते. डॅड जेवणाआधी नोलाचं नाव घेऊन प्रार्थना म्हणतात, ही आमेन म्हणते. एकोणतीस वर्षं ती दुसऱ्याचा विश्वास सांभाळते आहे, स्वतःजवळ तसला काही नसताना. याला विज्ञान म्हणायचं की धर्म, मला ठाऊक नाही. पण गॅरेट, तिचे हात रिकामे आहेत असं मला सांगू नकोस.’

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ती पोस्ट वाचली आणि पुढच्या तासाला पाच मिनिटं उशिरा गेले. लगेच सुचवली. अनुमोदन कुणी दिलं असेल? गॅरेटने. तसं आमच्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं.

पानावर चढवण्याआधी ऑरिनचा फोन आला. आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो.

“कोरीन, गावाचं नाव काढू का त्यातलं? आणि नोलाचं?”

“कशाला? नावांमुळेच तर ती खरी वाटते.”

“तसं म्हणतेस?”

“तुझे आई-वडील वाचतात का इंटरनेट?”

तो हसला. “डॅडना टीव्हीचा रिमोट जमत नाही. आणि मॉमला काचबिंदू. तिला पेपरसुद्धा डॅडच वाचून दाखवतात.”

“मग राहू दे की.”

“बरं,” तो म्हणाला. “राहू दे.”

त्याच्या आवाजात जी घालमेल होती ती मला ऐकू आली होती. मी तिला नम्रपणा समजले, किंवा तसं समजणं मला सोयीचं होतं.

मे महिन्यात ऑरिनच्या भागातल्या एका वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीत इंटरनेटवरच्या अशा वादांवर मोठा लेख छापला. त्यांनी आमच्या पानावरून ऑरिनची पोस्ट उचलली. लिहिणाऱ्याचं नाव दिलं नाही, गावाचं दिलं. नोलाचंही दिलं.

त्या रविवारी काय झालं ते मला पुढे ऑरिनच्या आईने, आयडेलाने, स्वतः सांगितलं. चर्चमधून आल्यावर जेवणं झाली होती. तिचा नवरा हार्लन टेबलाशी चष्मा लावून पेपर उघडून बसला होता. ती भांडी पुसत होती.

“डेला, ऐक, आपल्या गावाबद्दल आलंय,” तो कौतुकाने म्हणाला. “दगडाच्या कारखान्यातला कुणीतरी आहे. चांगलं लिहितो बरं का.”

आणि तो मोठ्याने वाचू लागला. सुरुवातीला खडकांबद्दल होतं, तिथे तो मध्येच थांबून “अगदी बरोबर” म्हणाला. मग १९६९ आलं. मग नऊ वर्षांची मुलगी. आयडेला म्हणाली, “तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, पुरे, ठेव तो पेपर. पण मी तीच बशी पुसत राहिले.” तो वाचत राहिला. आवाज बारीक होत गेला, पण थांबला नाही. शेंगांचं वाचलं, मातीचं वाचलं, आमेनचं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पेपराची नीट घडी घातली.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“तिला पुरलं तेव्हापासून.”

टेबलावरची मिठाची डबी त्याने त्या घडीवर ठेवली. “म्हणजे मी आजवर तिकडे, नोलाकडे, एकटाच निघालो होतो,” तो म्हणाला. “मला वाटायचं, आपण दोघं चाललोय.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं आयडेला म्हणाली. तो ओरडला नाही. पुढच्या रविवारी ती टोपी घालून दाराशी उभी राहिली तेव्हा हळू आवाजात म्हणाला, “डेला, तुला यायची गरज नाही गं. माझ्यासाठी नको येऊस.” तरीही ती गेली. पण चर्चच्या आत जायचं धाडस झालं नाही. प्रार्थना संपेपर्यंत तास-दीड तास ती बाहेर पिकअप गाडीत बसून राहिली. येणारे-जाणारे काचेतून बघत होते. त्यानंतर सगळा उन्हाळा ती तशीच बाहेर बसायची आणि तो आत एकटा. घरी जेवणाआधीची प्रार्थना तो आता मनातल्या मनात म्हणायचा, तिला आमेन म्हणावं लागू नये म्हणून.

ऑरिनशी मात्र तो एकदाच बोलला त्या विषयावर. मुलगा माफी मागायला गेला तर दारातच म्हणाला, “तिने आयुष्यात तुला एक गोष्ट सांगितली. एकोणतीस वर्षं धरलीस ना? मी मरेपर्यंत आणखी थोडी नाही धरवली?”

ऑरिनने मला फोन केला. “ती पोस्ट काढ,” एवढंच म्हणाला.

मी तिथल्या तिथे काढली. पण तोवर ती दहा ठिकाणी पोचली होती. मी त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. काहींनी काढली, काहींनी उलट विचारलं, इतकं सुंदर लिखाण का काढायचं?

“ऑरिन, चूक माझी आहे. तू नावं काढतो म्हणाला होतास.”

“लिहिलं मीच ना,” तो म्हणाला. “तुला सांगू का, मी ती पोस्ट आईसाठी लिहिली नव्हती. मला तो वाद जिंकायचा होता.”

ऑगस्टमध्ये मी त्यांच्या गावी गेले. हार्लन घरी नव्हता. मी येणार हे कळल्यावर मुद्दाम बाहेर पडला असावा. आयडेलाने मला स्वयंपाकघरात बसवलं. चाचपडत कपाट उघडलं, पर्सिमन नावाच्या तिकडच्या फळाचं पुडिंग कापून पुढे ठेवलं. मी माफी मागितली. वाटेत गाडीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर आलं नाही.

“खा आधी,” ती म्हणाली. मग विचारलं, “ऑरिनला बक्षीस मिळालं म्हणे?”

“बक्षीस नाही हो. नुसतं पानावर नाव लावतो.”

“कशाबद्दल?”

“त्या महिन्यात सगळ्यात चांगलं त्याने लिहिलं म्हणून.”

ती खुर्चीत बसली. हात मांडीवर. “चांगलंच लिहिलंय. मी बोलले होते ते शब्द जसेच्या तसे. मला वाटलेलं, शेंगांकडेच लक्ष होतं त्याचं.” तिचा चेहरा हलला नाही, फक्त डोळे वाहू लागले. “हार्लनने ते मला माझ्याच आवाजात वाचून दाखवलं गं. मी कशी बोलते ते त्याला माहीत आहे ना.”

मी पुडिंग संपवलं. नको म्हणायचा मला हक्क नव्हता.

पुढच्या फेब्रुवारीत हार्लनला हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळात चार दिवस होता. ऑरिन रोज कारखान्यातून सुटला की जायचा. बाप त्याच्याशी बोलायचा, पण कशाबद्दल, तर पिकअपच्या मागच्या टायरात हवा कमी आहे, अंगणातला नळ गोठेल, फडकं गुंडाळ. ऑरिन हो डॅड, करतो डॅड म्हणायचा आणि घरी जाऊन खरोखर करायचा.

चौथ्या दिवशी सकाळी आयडेला पलंगाशी वाकून म्हणाली, “हार्लन, तू पुढे हो. नोलाला सांग, मी मागून येतेच आहे. थांबा तुम्ही दोघं माझ्यासाठी.”

ऑरिन खोलीतच होता. त्याने ऐकलं. हार्लनने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. खूप प्रेमाने पाहिलं, असं ऑरिन म्हणतो.

“नको, डेला,” तो म्हणाला. “आता नको. दमलीस तू. इतकी वर्षं केलंस ते खूप झालं.”

तिने त्याचा हात धरला होता तो धरूनच ठेवला. दुपारी तो गेला.

दफनाला मी गेले होते, मागे उभी राहिले. गॅरेट प्रुइट टेनेसीहून सहा तास गाडी चालवून आला होता. अनुमोदन त्याने दिलं होतं ना. त्याने आयडेलाला काही सांगायचा प्रयत्न केला, पण तिच्यापुढे उभं राहिल्यावर त्याला बायबलमधलं एकही वचन आठवेना. तिनेच त्याच्या बाहीवर थोपटलं आणि म्हणाली, “थंडी आहे, आत जाऊन काहीतरी गरम पी.”

त्यानंतर मी ते पान सांभाळणं सोडलं. निवड अजून चालते म्हणतात, दुसरं कुणीतरी बघतं. ऑरिन गटात परत आला नाही. करवत मात्र चालवतो. मध्ये कधीतरी फोन करतो, आम्ही हवेबद्दल बोलतो.

आयडेला आता पुन्हा चर्चमध्ये आत जाऊन बसते. गावातल्या कुणाला ते पटतं, कुणाला नाही. एकदा मी ऑरिनला विचारलं, आता कुणासाठी जाते ती? हार्लन तर राहिला नाही.

“मीही विचारलं,” तो म्हणाला. “ती म्हणते, घरी रविवारचं मला सुचत नाही.” मग आम्ही हवेबद्दल बोललो. “तिला मीच नेऊन सोडतो,” तो म्हणाला. “मी बाहेर गाडीत बसतो.”