मेसेंजरची दुरुस्ती

यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या चहात उभ्या जन्मात साखर पडू नये, आणि शेजारणीच्या चहात माझ्या वाटणीचीही पडावी! तर ऐका. त्या शनिवारी एनॉक टॅटर्सलचं कबुतर पेपरच्या कचेरीच्या छपरावर उतरलं, ते प्यायलेलं.

टॅन्सी तिचं नाव. आली, ढाबळीच्या फळीवर टेकली, दोन पावलं इकडे गेली, तीन तिकडे गेली आणि चक्क उचकी दिली. एनॉकने तिला छातीशी धरून नाक लावलं. बिअर आणि तंबाखू.

"हे काय गं बाई? मैदानावर पाखरांनाही पाजायला लागले का?"

टॅन्सीने एक डोळा मिटला.

तिच्या पायातल्या नळीत चिठ्ठी होती. हॅझलडन दोन, ब्लॅकमोर एक, शेवटचा गोल डोक्याने, लोक वेडे झाले, वगैरे. अक्षर वार्ताहर क्लेमचं. एनॉकने ती पितळी नळातून खाली छापखान्यात सोडली.

'हॅझलडन मेसेंजर'ची ही रीतच होती. बाहेरगावी मॅच असली की वार्ताहर टोपलीतून कबुतरं घेऊन आगगाडीने जायचा. मॅच संपली की पातळ कागदावर चार ओळी खरडायच्या आणि पाखरू द्यायचं सोडून. डोंगर ओलांडून ते घरी यायचं, आणि लोक चहाचा कप खाली ठेवतात न ठेवतात तोवर गुलाबी कागदाचा खास अंक रस्त्यावर. एनॉकची सगळी उमर त्या छपरावर गेली. पेपर लिहितात खालची माणसं, पण आणतो आपण, असं तो म्हणायचा.

आणि पेपर म्हणजे काय होता हो आमच्याकडे! मेसेंजरमध्ये आल्याशिवाय हॅझलडनमध्ये कुणी जन्मत नसे, लग्न करत नसे की मरत नसे. लढाईत मिसेस ऑगडेनचा नवरा चुकून पेपरात मेला. तो धडधाकट घरी आला, तर बाईने दार अडवलं. "आधी दुरुस्ती छापून आण," म्हणाली, "मी काळे कपडे शिवलेत!" बिचारा दुरुस्ती येईपर्यंत भावाकडे राहिला.

तर त्या शनिवारी गावाने विजय साजरा केला. दारूच्या दुकानात नाचले, चर्चच्या वादकाने पेटीवर नको ते वाजवलं. मग संध्याकाळच्या गाडीने ब्लॅकमोरला गेलेली मंडळी परतली.

"जिंकलो? कोण जिंकलं?" त्यातला एक म्हणाला. "अरे, धुक्यात स्वतःचं नाक दिसत नव्हतं! अर्ध्यातच थांबवली मॅच!"

आधी सगळे हसले. मग सगळे गुलाबी कागदाकडे बघायला लागले. मग कुणीच हसलं नाही.

रविवारी सकाळी क्लेम छपरावर आला. क्लेम म्हणजे एनॉकच्या बायकोच्या, हेटीच्या, बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा रांगत होता. एनॉक आणि हेटीनेच वाढवला, आणि एनॉकनेच साहेबांपुढे टोपी काढून त्याला पेपरात चिकटवला. आता बायकामुलांचा धनी, पण रडत होता पोरासारखा.

"काका, खाली धुकं होतं. म्हटलं, मॅच काय होईलच. वरच्या अंगाला 'नांगर' नावाचा पब आहे, तिथे ऊन होतं, शेकोटी होती. बसलो. आणि बसलो तो बसलोच."

"आणि दोन-एक?"

"बरं वाटलं लिहायला."

"टॅन्सीला काय पाजलंस?"

"तिनेच माझ्या ग्लासात चोच घातली. शप्पथ!"

एनॉकला हसू आलं. म्हणूनच तर फसला बिचारा. हसलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही.

"उद्या साहेबांना सांग," तो म्हणाला. "जसं मला सांगितलंस तसंच. शिव्या घालतील, पण तोंडावर खरं बोललास म्हणून ठेवून घेतील. मी येतो बरोबर."

"याल ना, काका?"

"आलो म्हणून समज."

सोमवारी एनॉक रविवारचा कोट घालून गेला. संपादक ऑर्मरॉडसाहेबांनी त्याला बसा म्हटलं नाही. क्लेम आधीच आत होता, आणि बसलेला होता.

"टॅटर्सल," साहेब म्हणाले, "क्लेमने 'मॅच रद्द' अशी चिठ्ठी पाठवली होती म्हणतो. मागच्या वर्षीची एखादी जुनी चिठ्ठी ढाबळीत पडलेली असेल, तीच तुम्ही खाली सोडलीत. असंच झालं ना?"

एनॉकने क्लेमकडे पाहिलं. क्लेम बुटांकडे बघत होता.

"क्लेम, बोल ना रे."

"तसंच झालं असणार, काका," क्लेम बुटांना म्हणाला. "तुमचे डोळे हल्ली…"

"माझे डोळे? अरे, मी डोंगरापलीकडचं पाखरू ओळखतो!"

"हे बघा," साहेब मध्ये पडले. तसे ते वाईट नव्हते, फक्त घाबरलेले होते. "आमचा माणूस पबमध्ये बसून मॅच रचतो असं लोकांना कळलं, तर उद्या ते मयताची बातमीही मानणार नाहीत. छपरावर गोंधळ झाला म्हटलं की हसून सोडतील. तुम्हाला कुणी काढत नाही. चार ओळींची दुरुस्ती छापू, संपलं."

म्हणजे साहेबांना सगळं ठाऊक होतं! एनॉकने कोटाचं बटण उगाच काढलं, पुन्हा लावलं.

"साहेब, मेसेंजरमध्ये खोटं छापणार?"

"दुरुस्ती छापणार," साहेब म्हणाले.

जिन्यात त्याने क्लेमला गाठलं. क्लेम भिंतीला चिकटून उभा राहिला.

"मला दोन पोरं आहेत, काका. तुम्हाला कोण काय म्हणणार आहे? आणि दुरुस्त्या वाचतंय कोण?"

हॅझलडनमध्ये लोक दुरुस्त्याच आधी वाचायचे. मिसेस ऑगडेनपासूनची सवय.

तरी मंगळवारी दुपारपर्यंत एनॉकला वाटत होतं, ऐनवेळी कुणीतरी ते पान थांबवेल. छापलं गेलं. 'आमच्या वृद्ध कबुतरवाल्याच्या हातून नजरचुकीने.' नाव नव्हतं. नावाची गरजच काय, गावात कबुतरवाला एकच! रस्त्यात लोक प्रेमाने हाक मारू लागले, तेच जास्त लागलं. "एनॉक, चष्मा घे रे!" खाटकाने वजन केलेलं मटण त्याच्या नाकासमोर धरलं, "दिसतंय ना?" एनॉकही हसला. काय करणार? क्लेमचं नाव घेतलं तर क्लेमची पोरं उपाशी, आणि घेतलं तरी ऐकणार कोण? पेपरात आलं होतं.

घरी हेटीने बटाटे वाढले, समोर बसली, बराच वेळ काट्याशी खेळत राहिली.

"एनॉक," ती म्हणाली, "रागावू नकोस. पण खरंच जुनी चिठ्ठी पडली होती का रे तिथे?"

"तू विचारतेस?"

"मी नाही रे विचारत. पेपरात आलंय म्हणून."

त्याने बटाटे संपवले. सगळे. मग ताट नेऊन स्वतः विसळलं, जे त्याने संसारात कधी केलं नव्हतं. हेटीला तेव्हा कळलं असावं, पण तोंडातून गेलेला शब्द काही ढाबळीत परत येत नाही.

पुढच्या हंगामात मैदानांवर टेलिफोन आला. पाखरं वाटून टाकली. एनॉकला साहेबांनी भाषण करून निरोप दिला, आणि भाषण पेपरात आलं, त्यात तो 'विश्वासू' होता. त्याने तो अंक घरी आणला नाही.

मग एका रविवारी क्लेम आला. टोपी हातात, पाऊस खांद्यावर. एनॉकने परसदारी सफरचंदाच्या झाडाखाली दुसरी खुर्ची मांडलीच होती. क्लेम बसला आणि म्हणाला, "काका, चुकलो." एनॉकने त्याच्यासाठी चहा ओतला. एवढंच.

बरं. आता चहात साखर हवी असेल तर खरं बोललं पाहिजे. टॅन्सीची उचकी खरी, मिसेस ऑगडेनचे काळे कपडे खरे. क्लेम आला ते मात्र मी घातलं. तो समोरच्या गल्लीतून जायचा, एनॉकच्या गल्लीतून नाही. खुर्ची खरी आहे. पाऊस नसला की दर रविवारी एनॉक ती बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, आणि उन्हं उतरली की उचलून आत न्यायचा.