विटेचं बिट

सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. तिचा पलंग होता दोघांचा, पण अकरा महिने त्यातली अर्धी जागा कापडाच्या ताग्यांनी बळकावली होती. नवरा जहाजावर, इंजिनखोलीत कामाला. जाताना म्हणाला होता, आल्यावर भिंतीला फळी लावून देतो, तोवर तागे माझ्या जागेवर ठेव. सहा महिन्यांचा करार नऊचा झाला आणि नऊ झाले तरी माणसाचा पत्ता नाही. फळी आणि तिचे दोन लोखंडी ब्रॅकेट कपाटामागे धूळ खात उभे होते. फळी लावायला दुसरा माणूस बोलवावा असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. ती दोन्ही वेळा "बघू" म्हणाली.

एका सकाळी पडद्याचा अख्खा तागा घरंगळला आणि थेट लादी पुसायच्या बादलीत जाऊन पडला. गिऱ्हाइकापुढे नाक मुठीत धरून उभं राहायची वेळ आली. त्याच दुपारी तिने नवऱ्याची पेटी उघडली, ड्रिल मशीन काढलं, पेटीतलं सगळ्यात चकचकीत आणि टोकदार बिट त्यात बसवलं आणि भिंतीला लावलं. गिलावा भुसभुशीत निघाला. तिला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होय. पण पुढे मशीन नुसतंच गरगरत राहिलं. जळका वास आला. बाहेर काढून पाहते तर बिटाचं टोक निळं पडलेलं.

ते जळकं बिट रुमालात गुंडाळून ती हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर ठेवून बिट बोटांनी चाचपणारा.

"वहिनी, हे लाकडाचं. याचं टोक सुईसारखं असतं, लाकडात रुततं. विटेपुढे याची डाळ शिजत नाही."

त्याने दुसरं बिट काढून तिच्या तळहातावर ठेवलं. दिसायला मळकट, टोकाला एक जाड चपटा तुकडा बसवलेला, बाकीच्या दांड्यापेक्षा जरा रुंद. हा तुकडा कठीण धातूचा, तो विटेला कापत नाही, खरवडत नेतो, असं त्याने समजावलं. बिट आठ मिलिमीटरचं, तर भोकात बसवायचा प्लास्टिकचा गट्टूही आठचाच. मशीनला ठोके मारायचं बटण असतं, ते आधी बंद ठेवायचं. जुनी वीट ठोक्यांनी तडकते. मध्येमध्ये बिट बाहेर ओढायचं, म्हणजे भुकटी निघून जाते आणि बिट तापत नाही.

"आणि भुकटीचा रंग बघा. लाल आली तर वीट. करडी, वाळूसारखी आली तर दोन विटांमधला सांधा. जुन्या सांध्यात गट्टू धरत नाही." मग चष्मा डोळ्यांवर घेत तो म्हणाला, "माणूस पाठवू का?"

"माणूस नको," ती म्हणाली. "बिट द्या."

दुसऱ्या दिवशी तिने गट्टूच्या लांबीएवढं अंतर मोजून बिटाला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे किती खोल गेलं ते कळावं. पहिल्या भोकातून करडी वाळू सांडली. गट्टू घातला तर तो आत फिरत राहिला, सैल दातासारखा. तिने ते भोक लिंपून टाकलं, ब्रॅकेट तीन बोटं वर सरकवला आणि पुन्हा टोक टेकवलं. या वेळी मशीनचा आवाजच बदलला, जरा जाड झाला. आणि लाल भुकटी आली. बारीक, उबदार, तिच्या मनगटावर, पदरावर, भुवयांवर. सासूबाई कानांनी अधू, पण नजर अशी की शेजारच्या घरातली माशीही सुटायची नाही. त्या दारात येऊन म्हणाल्या, "भिंतीला रक्त आलं की काय गं?" मग दोघी हसत बसल्या.

दुपारपर्यंत चार भोकं झाली. ब्रॅकेट बसले, फळी चढली. तिने एकेक तागा उचलून वर ठेवला, आणि शेवटचा ठेवून मागे वळली तेव्हा पलंग दिसला. मोकळा.

इतके दिवस तिची पाठ ताग्यांना टेकलेली असायची. झोपेत कूस बदलली की कुणीतरी आहे असं वाटायचं. आता तिथे नुसती चादर, आणि चादरीवर ताग्यांच्या वजनाने पडलेला खोलगट भाग. तिने त्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. फळी इतके दिवस का लावली नाही, ते तिला त्या क्षणी उमगलं, आणि उमगून काही उपयोग नव्हता.

रविवारी जहाज बंदराला लागलं आणि त्याचा फोन आला. फळीचं ती सांगणारच नव्हती. पण सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. फोन हातात घेताच त्यांनी सांगून टाकलं. फोन परत तिच्याकडे आला.

"कुठलं बिट?" त्याने विचारलं.

"आठचं. विटेचं."

"ठोके?"

"बंद ठेवले. लागलेच नाहीत."

"भुकटी लाल आली?"

"हो."

तो हळू आवाजात म्हणाला, "कामाची पाळी संपली की मी आडवा व्हायचो आणि ती फळी मनात लावायचो. रोज. आधी चिकटपट्टी, मग पहिलं भोक... तू शिलाई मशीनवर बसलेली असायचीस. चौथं भोक व्हायच्या आत झोप लागायची. आता काय लावू?"

तिने खोलीभर नजर फिरवली.

"अहो, मशीनच्या डोक्यावर दिवा पाहिजे," ती म्हणाली. "सुई दिसत नाही हल्ली. ती भिंत विटेची की कशाची, मला माहीत नाही. मी हात लावणार नाही तिला."

"नको लावूस."

"नाही लावत."

तो आला तो आणखी तीन महिन्यांनी, गालफडं बसलेला, दोन करारांमधल्या सुट्टीचे बावीस दिवस घेऊन. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मशीनच्या वरची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिली, पेन्सिलीने खूण केली, पुसली, पुन्हा केली. एका दिव्याची दोन भोकं. अर्ध्या तासाचं काम. त्याने त्याला पंधरा दिवस लावले. कधी बिट बोथट वाटायचं, कधी उजेड बरोबर नसायचा, कधी चहाच व्हायचा. दिव्याशिवाय तिचे डोळे दुखत होते, सुईत दोरा ओवायला ती खिडकीशी जायची. पण एकदाही तिने घाई केली नाही.