टेन्शन नसलेली बाई

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या हायपरटेन्शन. घरी पोचेपर्यंत त्यातलं हायपर गळून पडलं आणि टेन्शन तेवढं उरलं.

"कसलं घेतेस गं एवढं?" नवऱ्याने चपला काढता काढता विचारलं.

"कसलंच नाही हो."

"मग आकडा वर कसा चढला?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "टेन्शन घ्यायला जागी तरी असते का ही? दुपारी हाक मारली तर नुसती कूस बदलते."

सातवा महिना होता, पहिलीच खेप. सासूबाईंनी त्या दिवसापासून घराचा कारभार बदलला. टीव्हीवरच्या बातम्या बंद. शेजारीण कुणाचं दुखणं सांगायला आली की तिची दारातूनच बोळवण. मायलेकांचं भांडण व्हायचं तेही मुक्याने, हातवारे करून. सून खोलीत आली की दोघं एकदम हसायला लागायचे. अशाने कुणाचा जीव थाऱ्यावर राहील? बसलं की उठावंसं वाटे, उठलं की पाय सुजून टम्म.

नवरा जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. खराब प्लेटा काढायच्या, शिसं वितळवायचं, नव्या प्लेटा जोडायच्या. बायको दिवसभर एकटी पडते, विचार करत बसते आणि विचारानेच आकडा चढतो, असं त्याने डोक्यात घेतलं. मग एक दिवस दुकानाची किल्ली मालकाला परत देऊन तो शेगडी, साचे, बॅटऱ्यांचा ढीग, सगळं घेऊन घरी आला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत मांडामांड केली. निजायच्या खोलीची खिडकी तिकडेच उघडायची.

"आता हाक मारलीस की हजर!"

खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटलं. तो तिकडून गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, ती पडल्या पडल्या हसायची. खिडकीच्या कठड्यावर राखाडी भुकटी साचायची, ती ओढणीच्या टोकाने पुसून टाकायची. मधूनच तो हात पँटला पुसत यायचा आणि तिच्या पोटावर तळवा ठेवायचा. "काय म्हणतंय पिल्लू? चार्जिंग चालू ना?"

पण तिचं डोकं ठणकायला लागलं. एका सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा मात्र तिघंही दवाखान्यात गेली.

आत ती एकटीच गेली. आकडा आणखी चढला होता, लघवीतून प्रथिनं जात होती.

"घरी कसं आहे वातावरण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छान आहे. कुणी मला टेन्शन येऊच देत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, हा रक्ताचा दाब आहे, मनाचा नव्हे. हसतमुख बाईलाही होतो. मिस्टर काय काम करतात?"

तिने सांगितलं आणि थोड्या अभिमानाने पुढे जोडलं, "माझ्यासाठी काम घरी आणलंय त्यांनी."

बाईंचं लिहिणं थांबलं.

"हे त्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत," त्या सावकाश म्हणाल्या. "पहिल्या खेपेला पुष्कळ जणींना हा त्रास होतो, कारण सापडत नाही. पण शिशाच्या धुराने, धुळीने दाब वाढतो. आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत जातं. तुमचं रक्त तपासू, त्यांचंही. बाळाचे ठोके चांगले आहेत, पण तुम्ही आजपासून इथेच राहायचं. ते सगळं घरातून गेलं पाहिजे. आणि तिथे झाडू मारायचा नाही, धूळ उडते; ओल्या फडक्याने पुसायचं. बोलावू का त्यांना आत?"

"नको," ती घाईने म्हणाली. "मी सांगते."

दारापर्यंतची चार पावलं तिला जड गेली. ज्या माणसाने तिच्यासाठी दुकान सोडलं, त्याला काय सांगायचं? तुम्ही जवळ आलात तेच नडलं?

तिने सांगितलं, जसं सुचलं तसं.

"काहीतरीच!" सासूबाई उसळल्या. "नवरा जवळ बसला म्हणून कुणाची तब्येत बिघडते होय?"

नवरा चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो बाकावर सरकत सरकत पार टोकाला गेला आणि हात मांड्यांखाली दाबून बसला.

"खिडकी मीच उघडी ठेवायला लावायचो," तो म्हणाला. "तुला हवा लागावी म्हणून." मग त्याने विचारलं, "किती लांब बसू?"

"इतक्या लांब नको. आंघोळ करून, कपडे बदलून आलात की जवळ बसा."

"आणि त्याने काम कुठे करायचं? दुकान तर..." सासूबाईंनी सुनेकडे पाहून जीभ चावली.

"बोला ना, आई. मला कळू दे."

"दुकान शिंप्याने घेतलं," सासूबाईंनी सांगून टाकलं. "मालक दुसरी जागा देत नाही."

"मग भंगारवाल्याच्या आवारात जागा मिळते का विचारा."

"त्याच्या दारात नाही जाणार मी!" नवरा म्हणाला.

"का? मान कमी होतो?"

"मेल्या, घरात बायको आजारी आणि तू मान कसला कुरवाळतोस?" सासूबाई ओरडल्या.

कितीतरी दिवसांनी तिघं आवाज चढवून भांडत होती. नर्स धावत आली. "अहो, पेशंट कोण आहे यातलं?"

तिला आत नेऊन कुशीवर निजवलं, दंडाला पट्टा गुंडाळला. "हात सैल सोडा. बोलू नका."

बाहेर नवरा म्हणत होता, "आई, तू त्या खोलीत पाय ठेवायचा नाहीस. आधी सामान हलवतो, मग मीच पुसतो." दूर जाणारी पावलं तिने कान देऊन ऐकली.

"किती आहे?" पट्टा सुटल्यावर तिने विचारलं.

"मॅडमना सांगते मी."

"मला सांगा."

नर्सने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. जास्तच होता, पण सकाळपेक्षा वर गेला नव्हता.

"म्हणजे बरं की वाईट?"

"म्हणजे गोळी घ्यायची. आणि थोड्या वेळाने परत बघायचं."

नर्स गेली. तिने उशी सारखी केली, मग पुन्हा उलटी करून ठेवली. पोटात बाळाने जोरात पाय मारला. ती उठून बसली आणि नवरा आंघोळ करून कधी येतो म्हणून दाराकडे बघत राहिली.