तलावमायचा पासवर्ड

"आलं! आलं बाप्पा, आलं!" सोमारीनं मोबाइल डोक्यावर धरून नाचवला आणि तलावाच्या पारीवर, बांधावर जमलेल्या साऱ्या गावानं हात जोडले. मच्छीमार संस्थेच्या वेबसाइटवरून सकाळी गायब झालेलं तिचं नाव तलावमाय देवीच्या भगतानं, पत्रूबाबानं अंगारा फुंकताच परत आलं होतं. बाबा डोळे मिटूनच गरजले, "मायचा टावर सातव्या पाताळात आहे! तिले रिचार्ज लागत नाई!"

गर्दीत उभी असलेली रीता दातओठ खात होती. ही वेबसाइट तिनं स्वतः बनवली होती. गडचिरोलीला कॉम्प्युटर शिकवायचं आणि सुटीला गावी येऊन संस्थेचं काम फुकटात करायचं, त्याचं हे फळ! तलावात कुणाचं जाळं कधी पडणार, ते नंबर सगळ्यांना घरबसल्या दिसावेत म्हणून तिनं जीव काढला, आणि लोकांनी त्यात देवी आणून बसवली.

बरं, नुसती गंमत असती तर तिनं सोडूनही दिलं असतं. पण नाव गोकुळाचंही गेलं होतं, आणि परत टाकलं तरी ते काही केल्या टिकत नव्हतं. नवरा अमर वारल्यावर गोकुळानं त्याचं जाळं उचललं आणि स्वतः डोंगा वल्हवू लागली. बाबानं निवाडा दिला, बिननवऱ्याच्या बाईनं जाळं टाकलं म्हणून माय रुसली, ही करणीवाली आहे. झालं! बायका तिला हापशीवर पाणी भरू देईनात. येत्या रविवारच्या सभेत तिचं सभासदत्व काढून बाबाच्या भाच्याला, मिथुनला द्यायचं घाटत होतं.

रीतानं वेबसाइटवरच्या नोंदी उघडल्या. कुठलंही नाव बदललं की आधी काय होतं, नंतर काय झालं, केव्हा झालं आणि कुणी केलं, हे आपोआप लिहिलं जावं अशी सोय तिनं करून ठेवली होती. पण प्रत्येक नोंदीपुढं एकच नाव निघालं, सोमाजी. संस्थेचे हे म्हातारे सचिव स्वतःचा फोन उचलायलासुद्धा दुसऱ्याला हाक मारत.

"सोमाजीभाऊ, तुमचा पासवर्ड कोनाकोनाले माहीत आहे?"

"मंजे? साऱ्यायले." त्यांनी ऑफिसच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तलावमायच्या फोटोखाली तो खडूनं ठळक लिहिलेला होता. "आपल्यात डोंग्याले कुलूप कोनी लावते का? ज्याले लागला त्यानं न्यावा. मंग पासवर्ड काऊन लपवाचा?"

रीतानं कपाळावर हात मारून घेतला. वर सोमारी म्हणाली, "पाह्य, नोंदीतबी सोमाजीभाऊच! त्यायच्या हातून मायच करवून राह्यली." पुरावा दाखवावा तर तोच चमत्कार ठरतो. अशा लोकांपुढं डोकं आपटावं तरी कुठं?

तिनं वाद घालणं सोडलं. भिंतीवरचा पासवर्डही पुसला नाही. फक्त आत शिरताना ज्याला त्याला आपला मोबाइल नंबर देऊन त्यावर आलेला ओटीपी टाकावा लागेल आणि तो नंबर नोंदीत उतरेल, एवढा बदल केला. गॅसपासून रेशनपर्यंत ओटीपी मागितला की द्यायचा, ही सवय लोकांच्या अंगवळणी पडलेली होती, तेव्हा कुणाला शंका येणार नव्हती.

रविवारी पारीवर सभा भरली. रीतानं सर्वांसमक्ष गोकुळाचं नाव यादीत परत टाकलं. बाबा हसले. "टाक व पोरी. मायले नको असन तं ते राहीन का?" त्यांनी अंगारा उधळला, "हूं फट, नेटवर्क कट!" आणि थोड्या वेळात नाव खरंच गेलं. गर्दी गोकुळापासून मागं सरकली.

"आता मले करू द्या," रीता म्हणाली. ओढणीआड मोबाइल धरून ती 'बे एके बे, बे दुणे चार' पुटपुटली, आणि सभासद म्हणून लागलेलं खुद्द पत्रूबाबाचं नाव यादीतून उडालं.

"अव माय! रीताच्या अंगात आली!" सोमारीनं थेट तिचे पाय धरले. मागचेही वाकू लागले.

"उठ व सोमारी!" संतापानं रीताचा आवाज चिरकला. "अंगात कोनी नाई आलं, हातात मोबाइल आहे! साऱ्या नोंदी मी तुमच्यासाठी खुल्या केल्या. नावावर बोट दाबा अन् वाचा. बाबाचं नाव कोनाच्या मोबाइलवरून गेलं? माह्या. अन् गोकुळाबाईचं? त्या नंबरवर फोन लावून पाहा!"

कुणीतरी लावला. मोहाच्या झाडामागं मिथुनचा खिसा वाजू लागला.

"मायनंच त्याले बुद्धी देल्ली..." बाबानं सुरुवात केली, पण सोमाजी खेकसले, "चूप बस गा पत्रू! मायले काय ओटीपी येते?" पारीवर हशा पिकला. सभासदत्व काढायचा विषय तिथंच बारगळला आणि गोकुळाचं नाव तिच्या जाळ्याच्या नंबरवर पुन्हा लागलं.

रीताला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात गोकुळा पुढं आली.

"नाव मिथुननं काढलं, समजलं. पन मले हापशीवरून हाकललं ते कोनं? ते तं कोनत्याच नोंदीत नाई."

सोमारीनं मान खाली घातली. ही नोंद रीताच्या वेबसाइटवर खरंच कुठं नव्हती, आणि याच गोष्टीची तिला सर्वांत जास्त चीड आली.

मिथुननं फक्त एक नाव पुसलं होतं. बाकीचं सगळं गावानं आपल्या हातांनी केलं, तेही फुकटात. म्हणून बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी तोंड उघडा. हे कुणी केलं, कसं केलं, आणि यात फायदा कुणाचा, ते विचारा. देवाला पासवर्ड लागत नाही. ज्याला लागतो तो तुमच्याआमच्यातलाच कुणीतरी असतो. आणि तो सापडेपर्यंत निदान कुणा बाईची घागर हापशीवरून सारू नका.